बाटली क्रमांक सतरा

२००६ साली आमच्या विद्यापीठातल्या जलकेंद्राला एका आयटी कंपनीची देणगी मिळाली आणि केंद्राला जनतेचा एकदम पुळका आला. शाळांतून व्याख्यानं झाली, पत्रकं वाटली, आणि जूनमध्ये वाघोलीतल्या चाळीस बोअरचं पाणी बाटल्यांत भरून माझ्या प्रयोगशाळेत आलं.

सतराव्या बाटलीत नायट्रेट मर्यादेच्या तिप्पट निघालं. असल्या पाण्यानं तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू पुरत नाही, ते निळं पडतं. वही उघडली. बोअर बायडाबाईंचा. घरात वरच्या दुधावरचं बाळ, अशी नोंद आमच्याच विद्यार्थ्यांनी केलेली. मी तडक केंद्रप्रमुख दत्तप्रसाद सरांकडे गेले.

"प्रियदर्शनी मॅडम, आपला शोधनिबंध छापून येईपर्यंत आकडे बाहेर जाणार नाहीत. मग गावात प्रदर्शन भरवू, त्यात रीतसर जाहीर करू."

"आणि तोवर बाळानं काय प्यायचं?"

"आपण शास्त्रज्ञ आहात. भावनिक होऊ नका."

नाही झाले. माझी नेमणूक दर सहा महिन्यांनी त्यांच्याच सहीनं वाढायची. सात आठवडे मी घरी भांडी आपटली आणि केंद्रात तोंडाला कुलूप लावलं. त्यांचा राग येत होता त्याहून जास्त स्वतःचा येत होता.

मग प्रदर्शनाचे फलक आले. वाघोलीच्या लोकांसाठी, आणि सगळे इंग्रजीत. त्यात सतरा नंबरचा लाल ठिपका. माझं डोकं फिरलं. अहवाल पर्समध्ये कोंबला आणि स्कूटरवरून थेट वाघोली गाठली.

बायडाबाईंनी पदरानं खुर्ची पुसून दिली. सुनेच्या मांडीवर बाळ होतं. ओठ जांभळट.

"ह्याला बोअरचं पाणी देता?"

"उकळून देतो की."

"उकळून हे जात नाही, उलट वाढतं. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. डॉक्टरांना हा कागद दाखवू."

धावतपळत रिक्षात बसलो. सुनेनं कागद वाचला. "ह्यावर तारीख जूनची हाय," ती म्हणाली.

मी रिक्षावाल्याला घाई करायला सांगितलं. बायडाबाई बाळाचे तळवे चोळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आधी ह्याला टँकरचंच पाणी द्यायचो, बाई. तुमची पोरं बाटली भरून घेऊन गेली. आमी वाट बघितली. वंगाळ असतं तर इद्यापीठानं सांगितलं असतं, म्हटलं. तुमी काय बोलला न्हाईत, म्हून बोअरचं चालू केलं."