दोन डावे

“दाबा!” आई गाडीच्या मागून ओरडली.

“दाबलाय!” पुढच्या सीटवरून बाबांचा आवाज आला.

“कुठे दाबलाय? इथे काळोख आहे.”

“मग दिवा मेला असेल तुझा. माझा पाय ठणठणीत आहे.”

“अहो, पायाखाली ब्रेक आहे की क्लच, ते बघा आधी.”

गाडीत पाय सरकल्याचा आवाज झाला. मग डावा दिवा असा काही पेटला की भिंतीला टेकून चहा पीत उभी असलेली लेक दचकली. लालभडक, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा. आई कमरेवर हात ठेवून नुसती बघत राहिली. काम मनासारखं झालं की तिला बोलायची गरज वाटत नसे.

“लागला का?”

“लागला. आता काढा पाय. हळू हो, शिलाई मशीन नाही ते.”

बाबांनी पाय काढला. दिवा विझला नाही, मंद झाला.

“हे बघ,” आई लेकीला म्हणाली, “मंद म्हणजे ‘मी इथे आहे’. भगभगीत म्हणजे ‘थांबतेय, सांभाळ’. एकाच दिव्याला दोन्ही बोलता आलं पाहिजे.”

गाडी जुनी होती. लेक शाळेत असताना घेतलेली. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर बाबांनी ती चालवणं सोडलं आणि लेक तीच घेऊन रुग्णालयात जाऊ लागली. तिथे ती औषधांच्या खिडकीवर असे. परतताना अंधार पडलेला, रस्ता वळणावळणांचा आणि मागचे दिवे इतके म्हातारे की नवा बल्ब घातला तरी तो लागलाय की नाही, हे जवळ जाऊन बघावं लागे. एका संध्याकाळी मागून येणारा ट्रक जेमतेम हातभर अंतरावर थांबला. लेकीने ते घरी सहज बोलता बोलता सांगितलं. आईने मात्र ताट बाजूला सारलं.

गॅरेजवाला म्हणाला, या गाडीचे दिवे बनायचे बंद झाले, गाडीच काढून टाका. त्यावर आई एवढंच म्हणाली, “दिवे मी करते.”

तिला ते अशक्य नव्हतं. तिने सगळी नोकरी रेडिओच्या कारखान्यात, लांबलचक बाकावर बसून केली होती. सोल्डरिंगला तिथल्या बायका डाग देणं म्हणत. तारेचा धूर, वितळलेल्या कथलाचा थेंब, फुंकर, की पुढचा डाग. तिच्या बोटांच्या टोकांना बारीक पांढरे वण होते आणि तिथे तिला गरम काय, गार काय, नीट कळत नसे. “डाग चमकला पाहिजे,” ती म्हणायची. “मळकट दिसला की समजायचं, वरून चिकटलाय, आतून सुटा आहे.”

जुन्या दिव्याची लाल काच सोडवायला तिने लेकीचा केस वाळवायचा ड्रायर घेतला. त्याच्या गरम हवेने कडेचा गोंद मऊ झाला. बाबांनी आपल्या टकलावरून हात फिरवला. “या घरात ड्रायरला शेवटी काम मिळालं म्हणायचं.”

“तुमच्यावर धरू का? मऊ पडाल थोडे.”

आत मग तिने भोकांच्या पट्ट्या बसवल्या. दिव्याची काच गाडीच्या कोपऱ्यावरून बाहेर वळत जाणारी, म्हणून पट्ट्या एकीपुढे एक, पायऱ्यांसारख्या. त्यांवर एलईडीचे बारके दिवे, मुगाच्या दाण्याएवढे. प्रत्येकाला दोन पाय, लांब आणि आखूड; ते भोकांतून मागे काढून तिथे डाग द्यायचा. पाय उलटसुलट झाले की दिवा लागत नाही. “माणसासारखंच आहे,” बाबा म्हणाले. “चुकीच्या पायावर उठला की दिवसभर तोंड पाडून.”

तर त्या सुट्टीच्या सकाळी डावा दिवा झाला. आईने गाडीवरून फडकं फिरवलं आणि म्हणाली, “उजव्याचे डाग तू दे. मी शेजारी बसते.”

“शेजारी कशाला बसायला हवं? समोर डावा आहे, त्याच्यावर बघून करायचं. डाव्या हातचा मळ.”

“बसले तर काय बिघडलं?”

“बस. पण मधे हात घालायचा नाही.”

“बुटाची नाडी बांधतानाही ही असंच म्हणायची,” बाबा गाडीतून उतरत म्हणाले. “आणि नाडी दारातच सुटायची.”

तिघंही हसले. आईने आपला चहा मागितला, तो गार झाला होता, तरी प्यायली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर आई जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. बाबा शेजारच्याच खोलीत होते. त्यांनी चहा टाकला, दोन हाका मारल्या, आणि मग आत गेले.

लेकीने सगळं केलं. दवाखान्याचे कागद, फोन, येणाऱ्यांना पाणी, जाणाऱ्यांना दारापर्यंत सोडणं. मावशी राहायला आली होती. ती म्हणाली, “अगं, जरा टेक. मी बघते इकडचं.”

“होईल गं मावशी. जमेल मला.”

“रडलीसुद्धा नाहीस.”

“रडेन की सवडीने.”

मावशीने तिच्याकडे बघितलं आणि पोळपाट तिच्या हातातून काढून घेतला. लेकीने तो परत घेतला.

तिचं हे पूर्वीपासूनच होतं. कॉलेजची फी, पहिली नोकरी, मोडलेलं लग्न, पुन्हा याच घरात आणलेलं सामान. आईने प्रत्येक वेळी विचारलं, “मी येऊ का?” आणि लेकीने प्रत्येक वेळी सांगितलं, “नको, जमेल.” आई मग येत नसे. फक्त रात्रीच्या जेवणाला एक पान जास्त मांडून ठेवी, ही जेवून आली असली तरी.

मावशी गेल्यावर घरात दोघंच उरली. बाबा एकदा म्हणाले, “गाडी काढून टाकू या का? तू नाही तरी बसनेच जातेस हल्ली.”

“उजवा राहिलाय.”

“गॅरेजवाल्याला सांगू. कुठले तरी दोन दिवे बसवेल.”

“नको. मी करणारे.”

आईने हातात घेतलेलं काम अर्धं राहिलं, असं तिला कोणाकडून ऐकायचं नव्हतं. स्वतःकडूनही नाही. दोन्ही दिवे लागले की गाडी बाहेर काढायची आणि तीच घेऊन कामावर जायचं, एवढं तिने ठरवलं होतं. त्याच्या पलीकडचं काही तिला ठरवता येत नव्हतं.

रुग्णालयातून आली की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसे. डावा दिवा तिने गाडीवरून उतरवून, काच सोडवून समोर ठेवला होता. त्याच्या पट्ट्यांवर कागद ठेवून तिने आकार गिरवला आणि त्याबरहुकूम नव्या पट्ट्या कापल्या. समोर बाबा चष्मा कपाळावर चढवून एलईडी निवडत बसत. लांब पाय या बाजूला, आखूड त्या बाजूला, तांदूळ निवडावेत तसे.

पहिले डाग मळकट पडले. तिने ते पुन्हा तापवून काढले. बोट भाजलं, ते तोंडात घातलं.

“बर्फ देऊ?” बाबा म्हणाले.

“नको.”

“ती पण नको म्हणायची. मी आपला दर वेळी विचारायचो.”

हळूहळू हात बसला. एका संध्याकाळी एक डाग असा उतरला की पाण्याच्या थेंबासारखा गोल आणि चकचकीत. लेकीने पट्टी किंचित कलती केली, शेजारी बसलेल्या माणसाला नीट दिसावी म्हणून. शेजारची खुर्ची टेबलाखाली सारलेली होती. तिने पट्टी सरळ केली आणि पुढचा डाग दिला.

शेवटी टेबलावरच बॅटरीला तारा लावल्या तेव्हा सगळे दिवे लागले. एकही मुका नाही. बाबांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते उठून बाहेरच्या खोलीत गेले आणि बराच वेळ तिथेच वर्तमानपत्र घडी करत राहिले.

रविवारी सकाळी दोघं खाली गाडीपाशी आली. आईने तयार केलेला डावा दिवा लेकीने पुन्हा जागेवर बसवला. बाबा पुढे जाऊन बसले. आता त्यांनी आधी खाली वाकून ब्रेक बघितला.

लेकीने उजव्या बाजूचं दिव्याचं रिकामं घर फडक्याने पुसलं आणि पट्ट्या आत सरकवल्या. त्या बसेनात. पायऱ्यांची उतरण जिथे बाहेर वळायला हवी, तिथे ती आत, डिकीकडे वळत होती. तिला वाटलं, आपण उलटं धरलंय. तिने पट्ट्या फिरवून धरल्या. आता आकार बरोबर बसला, पण सगळे दिवे गाडीच्या पोटाकडे तोंड करून उभे राहिले आणि बाहेरच्या बाजूला नुसते डाग. ओळीने, चमकणारे.

तिने त्या पुन्हा बाहेर काढल्या. डाव्या दिव्याकडे बघितलं, हातातल्याकडे बघितलं.

“दाबू का?” बाबांनी विचारलं.

तिने पट्ट्या पुन्हा फिरवून बघितल्या. बाबा उतरून मागे आले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पट्ट्या हातात घेऊन डाव्या दिव्याशेजारी धरल्या.

“हा पण डावाच झालाय की गं.”

डावा आणि उजवा एकासारखा एक नसतो, एकासमोर एक असतो, आरशातल्या माणसासारखा. तिने डाव्यावर बघून केला आणि डावाच केला. आई शेजारी बसली असती तर आकार गिरवून झाल्या झाल्या म्हणाली असती, “कागद उलटा कर.” एवढंच. तीन शब्द. आणि पुन्हा आपल्या चहाकडे वळली असती.

“त्यात काय एवढं,” बाबा म्हणाले. “परत करशील. तुला काय, जमेल.”

लेकीने पट्ट्या त्यांच्या हातातून घेतल्या. तिने एक हात गाडीवर टेकला आणि ती त्या रिकाम्या घरासमोर खाली बसली. आत दोन तारा लोंबत होत्या, टोकं आईनेच सोलून पिळून ठेवलेली.

“आई,” ती म्हणाली. मोठ्याने, समोरच्या खोलीत असलेल्या माणसाला हाक मारावी तशी. “मला नाही जमत. ये ना गं. मला नाही जमत.”