मागच्या खोलीतला रेडिएटर

काटा बारावर असायला हवा होता. तो नऊ आणि दहाच्या मध्ये होता, त्यातही नऊच्या जवळ. फोटो जरा तिरका काढलेला, त्यामुळे वाचण्यात थोडी चूक धरली, तरी कालच्यापेक्षा काटा खाली उतरला होता हे नक्की. मंजुषाने फोटो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला आणि फोन ओट्यावर पालथा ठेवला. मग लगेच उचलून पुन्हा पाहिला.

फोटो टोरांटोहून आला होता. तिथे वरदने, तिच्या मुलाने, जुनं घर घेतलं होतं. तळघरात बॉयलर, त्याच्या दाबाचा हा काटा. त्यातलं गरम पाणी नळ्यांतून घरभर फिरायचं, खोल्याखोल्यांतले लोखंडी रेडिएटर तापवायचं आणि परत बॉयलरमध्ये यायचं. तिकडे उणे चौदा. इकडे आखातातल्या रास अल खैमात रविवारची दुपार, खिडक्या सताड उघड्या, आणि समोरच्या गॅलरीत कुणीतरी गालिचा झटकत होतं.

मंजुषा सिरॅमिकच्या कारखान्यात प्रयोगशाळेची प्रमुख. त्यामुळे मुलाच्या बॉयलरचा काटाही आपसूक तिच्याकडे आला होता. फोनवर आणखी एक मेसेज होता, कारखान्याच्या एचआरमधल्या फिझाचा. "मॅडम, कल तक पक्का बता दीजिए. यस ऑर नो." तो तिने सकाळपासून अनेकदा उघडला होता. उत्तर दिलं नव्हतं.

तिचा नवरा प्रकाश एका सिमेंट कंपनीतून निवृत्त झाला होता. त्याचा व्हिसा महिनाअखेर संपणार होता, आणि इथे नोकरी करूनही तिचा व्हिसा आजवर त्याची बायको म्हणूनच होता. त्याच्याबरोबर तोही संपणार. कारखाना तिला स्वतंत्र व्हिसा द्यायला तयार होता. प्रकाशचं म्हणणं, आता खलास, वरदकडे जाऊन राहायचं. त्याने तिला विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं, आणि दर वेळी ती "बघू" म्हणाली होती. तेवढं म्हणून ती उठायची आणि काहीतरी पुसायला घ्यायची. भट्टीतून निघालेली पहिली फरशी उजेडाकडे धरून रंग पाहायचा, हे सकाळचं काम आणखी कुणाकडे देण्याची कल्पना तिला सहन होत नव्हती, आणि हे सांगायला फार क्षुल्लक वाटत होतं.

तिने व्हिडिओ कॉल लावला.

"आई, भरू ना थोडं पाणी?" वरद बॉयलरसमोर कॉफीचा मग घेऊन उभा होता.

"या महिन्यात किती वेळा भरलंस?"

"मोजतंय कोण? काटा खाली आला की वॉल्व्ह उघडतो, बारावर आला की बंद."

"आणि हे मला आज कळतंय!"

"त्यात कळवायचं काय? पाणी संपलं, भरलं."

तेव्हा मंजुषाच्या ध्यानात आलं. पोरगा इथे वाढला. इथे गच्चीवरची टाकी रिकामी झाली की वॉचमनला फोन करायचा, तो मोटर लावणार, पाणी येणार. त्याच्या लेखी पाणी ही संपणारी आणि भरायची वस्तू होती.

"अरे, ती गच्चीवरची टाकी नाहीये. त्या पाण्याने तुम्ही आंघोळ करत नाही. तेच पाणी फिरत राहतं. ते कमी होतंय म्हणजे कुठूनतरी बाहेर जातंय. आणि नवं पाणी घातलंस की त्यातून नवा ऑक्सिजन आत जातो. नळ्या आतून गंजवतोयस तू."

"यल्ला, चला, लेक्चर सुरू," सोफ्यावरून प्रकाश म्हणाला. "प्लंबर बोलव म्हणावं त्याला."

"रविवारी कुठला प्लंबर, बाबा?"

"प्रज्ञाला हाक मार," मंजुषा म्हणाली. "टिश्यूचा रोल घेऊन यायला सांग."

प्रज्ञा, तिची सून, आली. नवऱ्यापेक्षा चिवट होती. मंजुषाने सांगितलं तसं ती रेडिएटरच्या प्रत्येक नटाभोवती कोरडा टिश्यू गुंडाळायची, थांबायची, काढून कॅमेऱ्यासमोर धरायची. गरम नळीवरचा थेंब डोळ्यांना दिसण्याआधीच वाळून जातो, कागदावर मात्र डाग राहतो. हॉल कोरडा. स्वयंपाकघर कोरडं. वरच्या खोल्या कोरड्या. मंजुषा फोन हातात घेऊन खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत होती.

"बस गं जरा," प्रकाश म्हणाला. "पाय तुझे, चक्कर मला येतेय."

"तळघरातली मागची खोली राहिली," ती म्हणाली.

प्रज्ञा घुटमळली. "तिथे... सामान आहे, आई."

"सामानामागेही रेडिएटर असतोच."

"आजी'ज रूम! आय विल शो!" सहा वर्षांच्या शुभ्राने आईच्या हातातून फोन ओढला आणि जिन्याच्या पायऱ्या उड्या मारत पडद्यावरून गेल्या.

खोली लावून तयार होती. रुंद पलंग, दिव्याचं टेबल, कोपऱ्यात छोटं देवघर. पडदे मोहरीच्या रंगाचे, प्रकाशच्या आवडीचे. पलंग भिंतीला चिकटवलेला आणि त्याच्यामागे रेडिएटर.

"सरप्राइज होतं," प्रज्ञा ओशाळून म्हणाली.

पलंगामागे हात घालून तिने टिश्यू काढला. त्यावर तांबूस वर्तुळ उमटलं होतं. खालचा गालिचाही दमट लागत होता.

"पलंग सरकवताना धक्का बसला असणार," वरद म्हणाला. "बाबाच म्हणाले होते, पलंग भिंतीला लावा, म्हणजे आईला वाचायला खिडकीचा उजेड मिळेल."

"कधी म्हणाले?"

"दिवाळीत. तू इकडे राहायला यायला हो म्हणालीस असं सांगितलं तेव्हाच."

प्रकाशने चहाचा कप तोंडाला लावला. कप केव्हाचाच रिकामा होता.

मंजुषाने आधी हातातलं काम संपवलं. "वरद, या रेडिएटरचे दोन्ही वॉल्व्ह बंद कर, बाकी घर गरम राहील. आज एकदाच बारापर्यंत भर. उद्या प्लंबरकडून तो नट बदलून घे. त्यानंतरही काटा उतरला तर मला सांग, वॉल्व्हला हात लावायचा नाही."

"ओके. ठेवतो मग."

"थांब. ठेवू नकोस." तिने फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, प्रकाशही त्यात दिसेल असा. "प्रकाश, मी हो कधी म्हणाले?"

"मंजू, पोरांसमोर कशाला?"

"तू पोरांनाच सांगितलंस."

"बरं, हो नव्हतीस म्हणाली. पण नाही तरी कुठे म्हणालीस? वर्षभर 'बघू, बघू'. मी काय समजायचं?"

ते खरं होतं. तिला त्याचा राग आला आणि राग करायला पुरती जागा नव्हती. पडद्यावर शुभ्राने आईचा कुर्ता धरला होता. मंजुषाचा हात टेबलावरच्या फडक्याकडे गेला. तिने तो मागे घेतला.

"मग आता म्हणते. वरद, प्रज्ञा, खोली फार सुरेख केलीत. सुट्टीत येईन, त्याच पलंगावर झोपेन. पण राहायला मी येणार नाही. उद्या मी फिझाला हो सांगतेय. व्हिसा माझ्या नावाने होईल. प्रकाश, नवरा म्हणून माझ्या व्हिसावर तुझाही व्हिसा निघतो. तुला टोरांटोला राहायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. मी इथेच राहणार आहे."