न हलणारा स्टँड

आठ दिवसांसाठी म्हणून सासुरवाडीला राहायला आलेल्या मिस्त्रीला तिथे चार वर्षं झाली होती. नवी जागा मिळेपर्यंतची सोय, असं तेव्हा ठरलं होतं. जागा मिळत गेल्या आणि दर वेळी काहीतरी निघत गेलं. आधी सासूबाईंचं आजारपण, मग त्यांचं जाणं, मग अण्णांचं एकटेपण. अण्णा म्हणजे सासरे. माणूस वाईट नव्हता, आणि तीच खरी पंचाईत होती. वाईट असता तर मिस्त्री केव्हाच भांडून बाहेर पडला असता. हा माणूस प्रेमानं जीव नकोसा करायचा. खिडकी कधी लावायची ते अण्णा ठरवणार, पंखा कितीवर ठेवायचा तेही अण्णाच. दिवसभर दुसऱ्यांची घरं लाकडानं सजवणाऱ्या मिस्त्रीला या घरात एक खिळा ठोकायचा तरी आधी विचारावं लागायचं. कारखान्यातले सोबती त्याला 'घरजावई' म्हणायचे. तोही हसायचा. हसून हसून गाल दुखायचे बिचाऱ्याचे.

या खेपेला मात्र त्यानं कारखान्यामागच्या दोन खोल्या पक्क्या केल्या होत्या. रविवारी सकाळी जाऊन किल्ली घ्यायची. बायको 'बरं' म्हणाली होती. हॉलच्या भिंतीत खालच्या बाजूला एक कपाट होतं, त्यात त्यानं दोन बॅगा भरून ठेवल्या होत्या. कपडे, कागदपत्रं आणि वडिलांची सुतारकामाच्या पटाश्यांची पेटी. आता अण्णांना सांगायचं तेवढं उरलं होतं. सोमवारी चहाच्या वेळी तो तोंड उघडणार, एवढ्यात अण्णाच म्हणाले, "जावईबापू, मी मासे पाळायचं ठरवलंय. चला दुकानात."

दुकानात अण्णांनी चार फुटी टाकी पसंत केली. दुकानदारानं तिच्यासाठी लोखंडी स्टँड पुढे ओढला. चकचकीत काळा, पण पाय बोटाएवढे बारीक.

इथे मिस्त्री गप्प बसला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. पण धंद्यातल्या माणसाला खोटं काम बघवत नाही. त्यानं स्टँडला एका हातानं धक्का दिला, तर तो आडवा झुलायला लागला.

"याच्यावर टाकी ठेवणार?" तो दुकानदाराला म्हणाला. "पाणी, काच, वाळू, दगड धरून साडेतीनशे किलो होतात. पाच माणसं उभी करा त्याच्यावर आणि मग मला दाखवा."

"सगळे हाच नेतात हो," दुकानदार पुटपुटला.

"मग स्टँड कसा हवा?" अण्णांनी विचारलं. त्यांचे डोळे लकाकले होते.

मिस्त्री सांगत सुटला. वजन स्क्रूवर येता कामा नये, थेट पायांवरून जमिनीत गेलं पाहिजे. मागून अख्खी प्लायची पाठ हवी, म्हणजे तो आडवा झुलत नाही. वरची फळी सपाट हवी, कारण एका कोपऱ्यात जरा जरी उंचवटा राहिला तर काच तिथूनच तडकते. अण्णा अभिमानानं दुकानदाराकडे बघत होते.

"ठेवा तुमचा स्टँड तुमच्याकडेच," ते म्हणाले. "आमचे जावईबापू बनवतील."

झालं! माणूस आपल्याच जिभेनं अडकतो तो असा.

मंगळवारपासून मिस्त्री कामाला लागला. लवकर उरकू आणि सांगून टाकू, असं त्यानं ठरवलं होतं. पण लाकूड हातात आलं की त्याला धड वाईट काम करताच यायचं नाही. जाड सागवानी पाय, खाचेत बसवलेल्या आडव्या पट्ट्या, ओल लागू नये म्हणून तीन हात पॉलिश. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि जुन्या गोष्टी सांगायचे. बुधवारी मिस्त्री म्हणाला, "अण्णा, एक बोलायचं होतं." अण्णांनी इतक्या आनंदानं "बोला ना!" म्हटलं, की त्यानं पॉलिशबद्दलच काहीतरी विचारलं. गुरुवारी तर तेवढंही जमलं नाही. शुक्रवारी स्टँड तयार झाला. खिडकीसमोरच्या मोकळ्या भिंतीशी जागा मोजून त्यानं खडूनं खुणा केल्या आणि बजावलं, "पॉलिश वाळू दे. टाकी रविवारी मीच ठेवतो."

शनिवारी दुपारी तो कारखान्यातून आला आणि दारातच थबकला.

टाकी भरलेली होती. काठोकाठ पाणी, तळाशी वाळू, आत मासेसुद्धा. आणि तो स्टँड खडूच्या खुणांवर नव्हता. बरोबर भिंतीतल्या कपाटासमोर, दाराला चिकटून उभा होता. आता कपाटाचं दार बोटभरही उघडणार नव्हतं. बॅगा आत होत्या.

"कसं वाटतंय?" अण्णा लहान मुलासारखे उठले. "शेजारचे दोघं आले, धरून ठेवली टाकी. जागा छकुलीनं सुचवली. पाणीही तिनंच भरलं, एकटीनं, बादलीबादलीनं!"

छकुली म्हणजे मिस्त्रीची बायको. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मिस्त्री तिच्याकडे गेला.

"बॅगा आत आहेत," तो हळू आवाजात म्हणाला.

"माहीत आहे मला."

"माहीत असून?"

"अहो, मला नाही जायचं," ती म्हणाली. तिचा पदर अजून ओला होता. "अण्णांना एकटं टाकून माझ्यानं नाही जाववणार. तुम्ही इतके खूश होतात, मला 'नाही' म्हणताच आलं नाही. मग वाटलं, तुम्ही अण्णांशी बोलाल आणि तेच अडवतील. पाच दिवस वाट बघितली. तुम्हीही कुठे बोललात?"

त्याच्या मनात राग होता, पण तो कुणावर काढायचा हेच कळत नव्हतं. नळी लावून तासाभरात पाणी काढता आलं असतं. त्यासाठी अण्णांना कारण सांगावं लागलं असतं, आणि आता ते त्याला एकट्यानं सांगावं लागणार होतं.

तो तरातरा हॉलमध्ये आला, स्टँडच्या कडेला खांदा लावला आणि डोळे मिटून सगळ्या ताकदीनं ढकलला. मानेच्या शिरा फुगल्या. पाय फरशीवर सरकले, ते त्याचे स्वतःचे. स्टँड केसभरही हलला नाही. वरचं पाणी तेवढं किंचित थरथरलं आणि स्थिर झालं.

"शाब्बास!" अण्णांनी टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात काम! जावईबापू, किती वर्षं जाईल हो हा?"

मिस्त्रीनं खांदा चोळला. इतक्या वर्षांत इतकं चोख काम त्याच्या हातून झालं नव्हतं.

"तुमच्या-माझ्या जन्मात तरी नाही हलायचा, अण्णा," तो म्हणाला.