आखणीचा ब्रश आणि ज्ञानेशचे डोळे

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे असं मी सांगितलं, तर तुम्ही हसाल. कारण ब्रशला केस असतात, आणि माझ्या डोक्यावर आता जेमतेम सात-आठ उरलेत. पण एके काळी मी शून्य नंबरचा, बारीक टोकाचा, देखणा ब्रश होतो. खारीच्या शेपटीचे मऊ केस, कमरेला चकचकीत पत्रा आणि लाल दांडा!

१९९४च्या उन्हाळ्यात नाशिकच्या मेनरोडवरच्या एका दुकानात आम्ही बारा भावंडं एका पाकिटात पडून होतो. कुणाच्या तरी शाळेच्या दप्तरात जाऊ, अशी आमची खात्री होती. पण आम्ही पोचलो ते थेट नाशिकरोडच्या तुरुंगात. घाबरू नका, गुन्हा काही केला नव्हता! तिथे कैदी शाडूचे गणपती घडवत. त्या कारखान्यात माझी नेमणूक झाली आखणीवर.

आखणी म्हणजे देवाचे डोळे काढणं. मूर्ती घडते, वाळते, पितांबर रंगतो, दागिने सोनेरी होतात, तरी ती मातीच असते. अगदी शेवटी डोळे येतात आणि मग देव आपल्याकडे बघायला लागतो. हे शेवटचं काम माझं. त्यामुळे पितांबर रंगवणारे जाडजूड ब्रश माझ्यावर जळायचे, आणि खरं सांगतो बरं का, मलाही थोडा गर्व झाला होता.

माझा धनी होता गोटीराम. नांदगावकडचा शेतकरी, चाळिशीचा, कमी बोलणारा. रागाच्या भरात त्याच्या हातून एक माणूस मेला होता आणि त्याला जन्मठेप झाली होती. त्याला आखणी शिकवली म्हाताऱ्या सहादूनं. सहादूही कैदीच, पण तोंडानं एकदम मोकळा.

"गोट्या, श्वास धर," सहादू म्हणायचा. "देवाला तिरळं केलंस तर आधी तुलाच शोधत येईल तो."

"मला शोधायला त्याला हिंडावं थोडंच लागणार आहे, काका? पत्ता पक्का आहे."

गोटीरामचा एक नेम होता. मला हातात घेण्याआधी तो हात स्वच्छ धुवायचा, मला कपाळाला लावायचा आणि त्या दिवशीचे डोळे पुरे होईपर्यंत अन्नाचा कण घ्यायचा नाही. कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याचा त्यानं धरलेला नेम, आणि पाच वर्षं तो एकदाही मोडला नाही.

मग १९९९ साल आलं. कारगिलची लढाई सुरू झाली. बराकीत पेपर यायचा आणि त्यात धारातीर्थी पडलेल्या जवानांचे फोटो असायचे. गोटीराम ते कापून भाताच्या शितांनी वहीत चिकटवायला लागला. एक दिवस त्यानं जेलरसाहेबांकडे प्लायवूडचा तुकडा आणि थोडा रंग मागितला.

सहादू लगेच म्हणाला, "शिक्षेत सूट पाहिजे वाटतं! सव्वीस जानेवारीला साहेबांच्या शेजारी उभा राहून फोटो काढशील!"

गोटीराम नुसता हसला.

पहिलं चित्र त्यानं काढलं ज्ञानेश नावाच्या जवानाचं. एकलहऱ्याच्या पलीकडे फुलशेती करणाऱ्या अंबूबाईंचा हा मुलगा. साहेबांनी सैनिकी ऑफिसातून त्याच्या ओळखपत्रावरचा फोटो मिळवून दिला. गोटीरामनं दीड महिना खपून चेहरा रंगवला, वर्दी रंगवली, आणि शेवटी मला उचललं. एका सकाळी श्वास धरून आम्ही ज्ञानेशचे डोळे काढले. काय सुंदर उतरले म्हणून सांगू! सहादूनंसुद्धा त्याची पाठ थोपटली.

साहेबांनी अंबूबाईंना पत्र धाडलं. गोटीरामच्या जिवाला मात्र घोर लागला. खुन्याच्या हातचं चित्र ती माउली घरात नेईल का? की तोंड फिरवून निघून जाईल?

अंबूबाई आल्या जानेवारीतल्या एका दुपारी. बरोबर त्यांची मुलगी दीपमाला होती. ती दारातच कुजबुजली, "आई, नुसतं बघू आणि निघू. गावात काय म्हणतील, खुन्याच्या हातचं भिंतीला लावलं म्हणून?"

"बघू तर दे गं आधी."

साहेबांनी चित्रावरचं फडकं काढलं. अंबूबाई पुढे झाल्या. बराच वेळ बघत राहिल्या. गोटीराम कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता आणि मी त्याच्या सदऱ्याच्या खिशातून डोकं बाहेर काढून बघत होतो.

"लय सुंदर हाय," अंबूबाई म्हणाल्या. "पण मी हे नेणार नाय."

गोटीरामचा चेहरा पडला. "बरोबर आहे तुमचं, मावशी. माझे हात असे…"

"हाताचं कोण बोललं? डोळ्यांचं बोलतीये मी. हे डोळे गणपतीचे हायेत!"

सगळे चपापले. अंबूबाई म्हणाल्या, "दर वरसाला मूर्तीच्या दुकानाम्होरं बसून झेंडू इकते मी. गणपतीचे डोळे मला कळत नाय व्हय? असे लांब, शांत, कमळावानी. माझा ज्ञानेश कुठं शांत होता? तो हसला का त्याचा डावा डोळा मिटायचा, पार बारका होता तवापासून. मिल्ट्रीवाले फोटोत हसू देत नाय, म्हणून तुला नाय दिसलं."

मित्रांनो, मला तर पत्र्यापर्यंत लाज वाटली. चूक माझीच होती. पाच वर्षं एकच वळण गिरवून माझ्या टोकाला दुसरं वळणच ठाऊक उरलं नव्हतं.

मागून सहादूला राहवलं नाही. "मावशी, थोडक्यात वाचलात! यानं जन्मात गणपतीच केलेत. माझं चित्र काढलं असतं तर मला सोंडही लावली असती."

दीपमाला पदरात तोंड लपवून हसली. अंबूबाईही हसल्या. मग त्यांनी गोटीरामकडे नीट पाहिलं.

"पण तू हे करतो कशापायी? सूट मिळती का?"

"नाही मावशी." गोटीराम इतका बोललेला मी कधी ऐकला नव्हता. "मी एकाचा जीव घेतला, हातभर बांधासाठी. कोर्टात त्याची आई म्हणाली, घरात त्याचा एक फोटोसुद्धा नाय, आता मी त्याचं तोंड कुठं बघू? त्यानंतर त्या माउलीचं बोलणं कानातून जात नाही. ती माझ्या हातचं काही घेणार नाही, आणि घेऊही नये. पण पेपरात तुमचा मुलगा बघितला, नखाएवढ्या फोटोत. उद्या त्याच पेपरात कुणी भजी बांधून देईल. मी मातीसाठी जीव घेतला, यांनी मातीसाठी दिला. वाटलं, यांच्या आयांना तरी तोंड बघायला मिळावं."

अंबूबाई फरशीवर मांडी घालून बसल्या आणि समोरची जागा हातानं झाडली.

"बस हितं. रंग आण. मी सांगते, तू काढ."

"आता? इथं?" गोटीरामनं साहेबांकडे पाहिलं.

"आण की रे," साहेब म्हणाले.

गोटीराम हात धुऊन आला. मला कपाळाला लावलं. मीही टोक घट्ट धरून ठेवलं. आधी ते लांब, कमळासारखे डोळे अंगाच्या रंगाखाली गेले. मग उजवा डोळा आला, खट्याळ, गोल. मग डावा.

"अजून मिटव थोडा," अंबूबाई सांगत होत्या. "हां. आन् भुवईला खाच राहिली. चिचंवरून पडला होता."

"चिंचेवरून नाही, आई." दीपमाला आता पुढे सरकून बसली होती. "मास्तरांची सायकल पळवली होती त्यानं. त्यावरून पडला. मला शपथ घातली होती."

"हाय का! पोरानं शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाय मला!" अंबूबाई खदखदून हसल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या आणि परत हसल्या.

मी भुवईत एक बारीक खाच सोडली. गोटीरामनं मला बाजूला केलं.

अंबूबाईंनी चित्राच्या गालाला बोट लावलं. ओला रंग बोटाला लागला, तो त्यांनी पुसला नाही. "आला," त्या म्हणाल्या. "आता आला माझा वांड."

रंग वाळेपर्यंत मायलेकी तिथेच बसल्या. जाताना अंबूबाईंनी गोटीरामच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चित्र उचलणाऱ्या लेकीला म्हणाल्या, "दीपे, एसटीत त्याचं तोंड खिडकीकडं धर. त्याला गाडी लागती."

त्या दिवसानंतर गोटीरामची रीत बदलली. आधी तो जवानाच्या आईला पोस्टकार्ड लिहायचा: तुमचा मुलगा हसताना कसा दिसायचा? उत्तरं काय मजेची यायची! मनमाडच्या एका आईनं लिहिलं, 'त्याचे कान मोठे होते. कृपा करून लहान करू नये. स्टेशनात गर्दीतून मी त्याला कानांवरूनच ओळखायची.' सात वर्षांत आम्ही एकतीस चेहरे काढले. माझ्या टोकाला एकतीस वेगवेगळी वळणं आली.

मग माझे केस गळू लागले. नवे ब्रश आले आणि कुणीतरी मला डिंकाच्या डब्यात टाकून दिलं. वर्षभर मी तिथे ताठ होऊन पडलो. कुणी हाक मारली नाही. २००८ साली गोटीराम सुटला तेव्हा त्यानं तो डबा धुंडाळला, साहेबांना विचारून मला बरोबर घेतलं आणि कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवलं. आता मी त्याच्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असतो. रोज सांजवातीचा उजेड माझ्या लाल दांड्यावर पडतो. मजेत आहे मी!

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत माझी भावंडं असतील. काम झालं की त्यांना धुवा, टोक सरळ करा, पाण्यात उभी ठेवून विसरू नका. आणि आज घरी गेलात की एक करा. तुमच्या आईकडे, ताईकडे, दादाकडे ते हसत असताना नीट बघून ठेवा. कुणाचा कुठला डोळा मिटतो, ते तुम्हाला ठाऊक असू द्या.