पाणकराची बहीण

"काय लिहून राहिला रे?"

सुमित्राबाईंनी मागून विचारलं तसा अश्विन दचकला आणि त्याने वही मिटली. पुरुषांच्या वॉर्डाबाहेर, पाण्याच्या कूलरच्या आडोशाला बाकड्यावर बसून तो भराभर काहीतरी लिहीत होता. वही मिटली हेच त्याचं चुकलं. उघडी ठेवली असती, तर सुमित्राबाई एक नजर टाकून बादली घेऊन पुढे गेल्या असत्या. आता त्या जागच्या हलेनात.

"काही नाही मावशी. अभ्यास."

"दवाखान्यात कायचा अभ्यास? डॉक्टर होय का तू?"

"नाही. पास्टर व्हायचंय. ट्रेनिंग चालू आहे."

"मग चर्चमध्ये बस ना. इथं लोक मरून राहिले."

"म्हणूनच तर इथं पाठवलं," तो म्हणाला आणि वही पिशवीत घालून, मान खाली घालून निघून गेला.

वरून बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घरघरत गेलं. गोंदियात आता आकाशातही शिकाऊ आणि जमिनीवरही शिकाऊ, असं मनाशी म्हणत सुमित्राबाईंनी फरशी पुसायला घेतली. पण डोक्यातून ती वही जाईना.

मिशनच्या या दवाखान्यात त्या बत्तीस वर्षं आया होत्या आणि बत्तीस वर्षांत त्यांनी कोणावर म्हणून विश्वास ठेवला नव्हता. डब्याच्या झाकणाखाली तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी कोण आणतं, हे त्यांना डबा उघडायच्या आधी कळे. नर्सने ताप शंभर सांगितला, तरी त्या स्वतः कपाळाला हात लावून पाहत. नोकरीला लागल्या तेव्हा गावच्या लोकांनी सांगितलं होतं, की वर्षाच्या आत तुला बाटवतील. त्या वाट पाहत राहिल्या. दर शनिवारी त्यांनी दवाखान्याचं छोटं चर्च पुसून काढलं, नाताळचा केक खाल्ला. पण 'तू ख्रिस्ती हो' असं त्यांना कोणी कधी म्हटलं नाही. यामागेही काहीतरी असणार, असा त्यांचा संशय होता.

हा अश्विन तीन आठवड्यांपूर्वी आला होता. सालेकसाकडचा, काडीसारखा बारीक, पायात रबरी चपला. पास्टर व्हायचं शिकताना आठ आठवडे दवाखान्यात काढावे लागतात म्हणे. उपदेश करायचा नाही, बायबल काढायचं नाही, नुसतं आजारी माणसाजवळ बसायचं. बसायला शिकण्यासाठी कॉलेज लागतं, हे सुमित्राबाईंना पटत नव्हतं. शिवाय तो नुसता बसत नसे. उठला की थेट बाहेर येऊन लिहीत असे. शनिवारी स्कूटरवर त्यांच्या प्रेरणा मॅडम येत, ती वही घेऊन जात आणि सोमवारी परत आणून देत. मधले दोन दिवस ती वही कुठे असते आणि कोण वाचतं?

तरी त्यांनी हे सोडून दिलं असतं. पण अश्विन सगळ्यात जास्त वेळ बसायचा तो नऊ नंबरच्या खाटेपाशी, आणि नऊ नंबरवर त्यांचा सख्खा भाऊ होता.

मनिराम कापगते, वय एकाहत्तर. दोन्ही किडन्या गेलेल्या, पाय सुजलेले. घरी न्या किंवा इथे ठेवा, आता सारखंच, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, वीरेंद्रला सांगितलं होतं. बहिणीशी मनिराम तीनच गोष्टी बोलत: पाणी दे, चादर सारख, खिडकी लाव. आणि या परक्या पोराशी अर्धा अर्धा तास. सुमित्राबाई लांबून पाहत आणि मनातून जळत.

जळण्याला कारण होतं. मनिराम गावच्या तलावाचे पाणकर. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तलाव बांधले, त्यांतलं हे घर. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी सोडायचं, ही बारी पाणकराच्या हातात. सुमित्राबाईंना दिलं होतं खालच्या गावात, त्याच तलावाच्या पाटाच्या पार शेवटाला. वर्षात नवरा तापाने गेला. सासऱ्याने, चुन्नीलालने, डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "तू माही पोरगी. कुठं जायाचं नाही." साऱ्या जन्मात सुमित्राबाईंनी विश्वास टाकला तो या एका माणसावर. चुन्नीलालने शब्द दिला आणि मोडला, असं दोन्ही गावांत कोणी पाहिलं नव्हतं. आणि त्याच चुन्नीलालने पुढच्या दिवाळीनंतर त्यांना भावासोबत पाठवून दिलं. भावाने घरी न नेता एका ओळखीच्या नर्सकरवी या दवाखान्याच्या फाटकाशी आणलं, पेटी खाली ठेवली आणि मागे न पाहता निघून गेला. का, ते दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही. चुन्नीलाल जाऊन वीस वर्षं झाली. आता सांगणारा एकच उरला होता, आणि तो तोंड उघडत होता ते दुसऱ्यापुढे.

गुरुवारी वीरेंद्रने त्यांना सायकल स्टँडपाशी गाठलं.

"आत्याबाई, तो पोट्टा बाबाच्या कानात काय बोलून राहिला?"

"बाबाच बोलून राहिला. तो ऐकते."

"अन् लिहितेबी. मरताना माणसाकून कोणी काहीबी कबूल करून घेते. अंगठा घेतला असंल तर? उद्या क्रियाकर्म करतानी गावात काय तोंड दाखवू मी? चार जण आणतो, पायतो त्या वहीत काय आहे ते."

"थांब," सुमित्राबाई म्हणाल्या. "दवाखान्यात तमाशा नोको. वही मी पाहून घेते."

शुक्रवारी दुपारी एक वाजता अश्विन पिशवी चर्चच्या खुंटीवर टांगून जेवायला गेला. शनिवारची फरशी सुमित्राबाईंनी त्या दिवशी शुक्रवारीच पुसायला काढली. वही पदराखाली घेऊन त्या चादरींच्या खोलीत गेल्या, आतून कडी लावली आणि चष्मा चढवला. सातवी पास होत्या. अश्विनचं अक्षर बरं होतं.

पहिली पानं दुसऱ्या रोग्यांची होती. मग एका पानावर लिहिलं होतं: 'रुग्ण म., वय ७१. धंदा पाणकर.' खाली नाटकात असतं तसं बोलणं, जसंच्या तसं.

'म. — पाणकराले नातं नसते. ज्याची बारी त्याले पाणी.

मी — हो बाबा.

म. — हो नोको म्हणू. ऐक. त्या साली पाऊस दसऱ्याआधीच गेला. धान निसवून राहिला होता. तलावात गुडघाभर पाणी. बहिणीचा सासरा माह्याकडे आला. म्हणे, तिले घरात ठेवतो, मेलेल्या पोराचा हिस्सा तिच्या नावानं करतो. पण बाकीचे पोरं ऐकत नाहीत. म्हणते, हिचा भाऊ पाणकर असून आपली बांधी वाळून राहिली. एक दिवस पाणी आधी सोड, मी त्यांचे तोंडं बंद करतो.

मी — मग?

म. — माहा बाप पाणकर, आजा पाणकर. बारी नाही मोडली मी. अकराव्या दिवशी त्यांची बारी आली. तवरिक सारा धान पोचट. दिवाळीनंतर बोलावलं मले. घेऊन जा म्हणे.

मी — तुम्ही घरी का नाही ठेवलं तिला?

म. — रोज तोंड पाहा लागलं असतं.

(उशी सरळ करून घेतली.)

म. — तो शब्दाचा पक्का माणूस होता. एक दिवस पाणी सोडलं असतं तर ती आज शेतीवाडीची बाई राहिली असती. तूच सांग, बराबर केलं का मी?

मी — देव क्षमा करतो, बाबा.

(ते भिंतीकडे वळले.)'

त्याखाली लाल शाईत मॅडमचं अक्षर होतं: 'त्यांनी क्षमा मागितली नव्हती. बरोबर केलं का, असं विचारलं होतं. ज्या माणसाने याचं उत्तर द्यायचं, ते माणूस जिवंत आहे का, हे तू विचारलं नाहीस. दुसऱ्याच्या वतीने उत्तर द्यायची घाई करू नकोस.'

पुढच्या पानावर बोलणं दोनच ओळींचं होतं.

'मी — बाबा, बहीण आहे का अजून?

(म. फरशी पुसणाऱ्या मावशींकडे पाहत राहिले.)'

सुमित्राबाईंना रडू आलं नाही. राग आला. एका दिवसाचं पाणी. एका दिवसाच्या पाण्यासाठी बत्तीस वर्षं लोकांची भांडी उचलली. त्यांनी चादरींच्या ढिगावर मूठ आपटली. आणि मग, त्या रागातच, त्यांना काहीतरी फार जुनं परत मिळाल्यासारखं झालं. चुन्नीलालने त्यांना टाकलं नव्हतं. तो ठेवणार होता. त्यासाठी तो, गावातला मानाचा माणूस, भावाच्या दारात गेला होता. साऱ्या जन्मात एकदा विश्वास ठेवला आणि तो खरा निघाला, या आनंदात त्यांनी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

दार वाजलं. बाहेर अश्विन उभा होता, हातात रिकामी पिशवी, चेहरा उतरलेला.

"मावशी, माझी वही..."

"घे. खुंटीवर टांगून जेवाले जाते. बावळट."

"तुम्ही वाचली?"

"वाचली."

तो भिंतीला टेकला. "कोणी वाचली तर मला मॅडमना सांगावं लागते. नाव नाही लिहिलं, तरी लोकांचं मन आहे त्यात. ट्रेनिंग बंद होऊ शकते माझं."

"मग नोको सांगू."

"सांगावं लागते," तो पुन्हा म्हणाला. सुमित्राबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलत असल्याची एकही खूण सापडली नाही, म्हणून त्या जरा अस्वस्थ झाल्या.

तीन वाजता वीरेंद्र आला. सोबत दोघे होते, पण ते फाटकाबाहेर थांबले होते.

"काय निंघालं वहीत?"

"तलावाच्या गोष्टी. कोणाची बांधी, कोणाची बारी. तुह्या बापाले दुसरं काय येते?"

"अंगठा?"

"नाही. अन् देवाधर्माचं काही नाही."

"पक्कं?"

"माह्यावर संशय घेते का तू?"

वीरेंद्रने घेतला असावा. पण तो गेला.

मग सुमित्राबाईंनी हात धुतले, अश्विन बसायचा ते स्टूल ओढलं आणि नऊ नंबरपाशी बसल्या. बत्तीस वर्षांत वॉर्डात त्या कधी बसल्या नव्हत्या. मनिरामने डोळे उघडले.

"काऊन बसली?"

"भाऊ, त्या साली माहा सासरा तुह्याकडे आला होता. पाणी मांगाले. मले माहीत आहे."

कोणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही.

"मी बारी नाही मोडली," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"चुन्नीलाल शब्दाचा पक्का होता, सुमित्रा. देलं असतं एक दिवस, तर ठेवलं असतं तुले."

सुमित्राबाईंनी चादर सारखी केली. भावाचे सुजलेले पाय चादरीखाली टेकडीसारखे दिसत होते. राग अजून गेला नव्हता. बरोबर केलंस, असं म्हणणं त्यांना जमणार नव्हतं, आणि चूक केलीस, असं म्हणायला समोरच्या माणसाकडे दिवस उरले नव्हते.

"कायचा पक्का," त्या म्हणाल्या. "तुले फसवाले आला होता तो. पाणी घेतलं असतं, धान घरात भरला असता, अन् फागुनात हाकललं असतं मले. हिस्साबी नसता देला."

"चुन्नीलाल?"

"हो, चुन्नीलालच. गावात शब्द पाळे, घरातलं तुले काय माहीत? दोन वरसं मी राहिली त्या घरात. तू नाही."

मनिराम तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. लहानपणी ही बहीण आईने वाढलेला गूळसुद्धा भावापेक्षा कमी तर नाही ना, हे पाहून मगच तोंडात घालायची. तिने एखाद्याला खोटा म्हटलं तर नवल नव्हतं. त्यांना ते खरं वाटलं. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

"मग देलं असतं तरी..."

"तरी मी इथंच राहिली असती. अन् तुही बारी मोडली असती ते वेगळंच."

"पाणी दे," मनिराम म्हणाले.

डॉक्टरांनी चमच्यानेच द्यायला सांगितलं होतं. त्यांनी तीन चमचे दिले. भाऊ झोपल्यावर त्या चादरींच्या खोलीत गेल्या आणि आता मात्र त्यांना रडू आलं. चुन्नीलाल नुकताच दुपारी परत मिळाला होता, आणि त्यालाच त्यांनी खोटं पाडलं होतं.

रविवारी सकाळी, चर्चमध्ये गाणं चालू असताना मनिराम गेले. अश्विन गाणं सोडून आला, वीरेंद्रसोबत त्याने स्ट्रेचर गाडीपर्यंत उचललं आणि हात जोडून बाजूला उभा राहिला. ओठ हलतात का, हे वीरेंद्र गाडी सुटेपर्यंत पाहत होता. ते हलले नाहीत. सुमित्राबाई भावासोबत गाडीत बसल्या, बत्तीस वर्षांपूर्वी पेटी घेऊन निघाल्यानंतर पहिल्यांदाच तलावाच्या बांधावर उभ्या राहिल्या आणि मंगळवारी कामावर परत आल्या.

अश्विन कूलरपाशी बसला होता. मॅडमना सांगून टाकलं होतं. बोलणी खाल्ली होती आणि आठाचे दहा आठवडे झाले होते.

"मावशी, शुक्रवारी तुम्ही बाबांजवळ बसल्या होत्या," तो म्हणाला. "त्यानंतर त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. काय बोलणं झालं?"

"लिहिशील तू."

"तुम्ही म्हणाल तेवढंच लिहीन."

सुमित्राबाईंनी पोछा पिळला, बादलीच्या काठावर टाकला आणि हात लुगड्याला पुसले.

"लिही. पाणी मांगितलं. देलं."

त्याने तेवढंच लिहिलं. सुमित्राबाईंनी चष्मा चढवला, वही हातात घेतली, ते तीन शब्द दोनदा वाचले, पान उलटून मागे काही लिहिलेलं नाही हे पाहिलं, आणि वही त्याला परत देऊन बादली उचलली.