टाकीत जागा आहे

हे कोणाला सांगून पटायचं नाही, पण त्या दिवशी मासा बोलला. निदान कंडक्टरचं म्हणणं तसं होतं. मुंगी शिरायला जागा नसलेल्या बसमध्ये "आत जागा आहे, पुढे सरका" असं जन्मभर छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाच्या शब्दाला काही वजन असणारच.

ऐकणारी होती त्याची बायको, ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडलेले. घरात शिरली, चपला काढल्या आणि दाराजवळच्या स्टुलावरच टेकली.

"अगं, ऐकतेस ना?"

"कान उघडे आहेत. बोला."

आजारपणानंतर कंडक्टरचा डावा पाय रुसून बसला होता. खुर्ची ते खिडकी एवढीच काय ती फेरी. म्हणून लेकीने खुर्चीशेजारी काचेची टाकी मांडून दिली, तीन मासे घालून. दोन गेले. उरलेल्या जाड्याला कंडक्टर 'साहेब' म्हणायचा आणि दिवसभर त्याच्याशीच गप्पा हाणायचा. मासेवाल्याने बजावलं होतं, पाणी बसल्याशिवाय, म्हणजे माशांना मानवेल असं झाल्याशिवाय, नवे मासे नाहीत. तपासणीच्या छोट्या काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर ठीक, हिरवं झालं तर पाण्यात विष. ते रोज हिरवंच व्हायचं. पाणी बदलायला बादल्या उचलून सिस्टरची कंबर मोडली, तेव्हा तिने निकाल दिला. आज मासेवाला येईल. पाणी पिवळं असेल तर मासे देईल, नाहीतर साहेबासकट टाकी घेऊन जाईल.

"दुपारी साहेब काचेपाशी आला," कंडक्टर म्हणाला. "घसा खाकरला. म्हणाला, कंडक्टर, तुमच्या घरात आमची माणसं टिकत नाहीत."

"पाण्यात घसा खाकरला?"

"तेच तर. म्हणाला, आमची घाण खाणारे जंतू असतात, भले लोक. फिल्टरच्या स्पंजात बिऱ्हाड करतात. बिचारे जरा बस्तान बसवतात, की तुमच्या सिस्टर येतात आणि स्पंज उकळून काढतात. सगळी वस्ती गारद. मग आमची घाण आमच्याच नाकातोंडात."

पोटऱ्या चोळता चोळता सिस्टरचा हात थांबला. जंतू म्हटला की उकळायचा, हेच तिचं आयुष्य. पहिला मासा गेला, तिने स्पंज उकळला. दुसरा गेला, तेव्हा जास्त वेळ उकळला.

"हे साहेब म्हणाला, की मासेवाला?"

"मासेवाल्याचा फोन आला होता. पण साहेबाने आधी सांगितलं."

"मग इतके दिवस दातखीळ बसली होती का त्याची?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, बाई बादली घेऊन समोर उभ्या असतात, माझी काय छाती आहे बोलायची."

तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत यायलाही दमलं.

"मग साहेबाने हाळी दिली," कंडक्टर खुर्चीत सरसावला. "निघाले बघ जंतू. एकेक तांदळाएवढा, खांद्यावर फावडं. बघता बघता घाण फस्त. काच घासली, जाताना मला रामराम केला. ही घे नळी. पिवळीधमक. आत जागा आहे, येऊ देत मासे."

नळी खरंच पिवळी होती. सिस्टरने ती दिव्यासमोर धरली आणि मग टाकीत पाहिलं. साहेब वरच्या कोपऱ्यात तोंड लावून धापा टाकत होता. रिकव्हरीतल्या पेशंटचा श्वास ऐकून ज्या बाईला सगळं कळायचं, तिला हेही कळलं.

कंडक्टर तिच्याकडे पाहत नव्हता. तळहात काचेला लावून बसला होता. जणू टाकी आत्ताच कोणी ओढून नेणार होतं.

तिची नजर त्याच्या शेजारच्या टेबलावर गेली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मी ओरडल्याशिवाय तुम्ही घोटभर पाणी पीत नाही. मग हा ग्लास अर्धा कुणी केला? नळीत हेच पाणी आहे. टाकी तयार नाहीये, आज आणलेले मासे उद्या मरतील. फोन लावा त्याला. म्हणावं, मासे आणू नको आणि टाकी न्यायलाही येऊ नको. यापुढे स्पंज मी उकळणार नाही."