टेबलाला धाव

टेबल जमलं नाही, तर दादा सोमवारपासून कारखान्यात खिडक्यांच्या जाळ्या जोडायला जाणार होता. तसा शब्द देऊन आला होता. "तुझ्या डोक्यातल्या फर्निचरला ही एकच संधी," मला एवढंच म्हणाला.

भट्टीत लोखंडी कडं लाल झालं. नव्वद सेंटीमीटरच्या गोल फळीपेक्षा ते चार मिलिमीटर लहान होतं. तापून सहा वाढणार, फळीवर उतरणार आणि पाणी ओतलं की आकसून तिला कायमचं आवळणार. खिळा नाही, सरस नाही. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात तसं.

दादा आणि वहिनीने सांडशीत धरून कडं फळीवर आणलं. मी बादलीपाशी उभी.

दोन बाजूंनी ते खाली गेलं. दोन बाजूंनी काठावरच अडकलं. लाकडातून धूर निघाला.

"अगं बाई, हे तर तुमच्यासारखंच अडून बसलं," वहिनी दादाला म्हणाली.

"घण दे इकडे!" तो माझ्यावर ओरडला.

मी दिला नाही. अडकलेल्या दोन्ही जागा लाकडाच्या रेषा संपतात तिथे होत्या. फळी गोल कापून दोन महिने झाले होते. तेवढ्या काळात ती वाळून रेषांना आडवी आकसली होती, लांबीत नाही. ती आता गोल नव्हती. आणि मी टेप फक्त आडवा धरला होता.

"दादा, काढ ते."

"तापलेलं कडं परत घेत नसतात."

"माप चुकलंय. माझं. तू मारलंस तर फळी उभी फाटेल. काढ ना!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग दोघांनी कडं उचललं.

जळलेली दोन्ही टोकं मी रंध्याने उतरवली, मिळून तीन मिलिमीटर. आठ बाजूंनी मापलं.

"पुरे गं, मापून मापून झिजेल," वहिनी म्हणाली. दादा भट्टीकडे तोंड करून उभा होता.

दुसऱ्यांदा कडं सगळीकडून एकदम बसलं. मी पाणी ओतलं. वाफेत काही दिसेना. लाकूड करकरलं, थांबलं, पुन्हा करकरलं. वहिनीने माझं मनगट धरलं होतं.

मग शांत झालं.

दादाने सांध्यावरून नख फिरवलं, पूर्ण गोल. कुठेच शिरलं नाही. हात पुसत तो फोन घेऊन दारात गेला.

"सोमवारपासून नाही जमणार. आजारी? नाही हो," तो म्हणत होता, "घरचंच काम निघालंय."